बावन्न मिनिटं

पिंपळटोली, ता. नागभीड
९ मार्च २०२५

चि. देवानंद यास अनेक आशीर्वाद.

आधी माफी मागते. दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही. फोन झाले, पण ते मी धरत नाही. तीन फोन झाले आणि तिन्ही वेळा तू "बाई, रेंज जाऊन राह्यली" म्हणालास आणि रेंज गेली. ती खरोखर गेली, की माझा आवाज चढला म्हणून गेली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून आता पत्र. कागदावर तुला मध्येच बोलता येत नाही, आणि मला आपलं लिहिलेलं परत वाचून अर्धं खोडता येतं.

कामाचं असं आहे. यंदा तलावातली पहिली ओढ सोमवारी, १९ मे रोजी ठरली. तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण तू विसरल्यासारखं बोलतोस. नथ्थूभाऊ मच्छीमार संस्थेची वही काढून एकेका घराचं नाव वाचणार. ज्या घराचं नाव येईल त्या घरचा माणूस "हाव" म्हणणार आणि मोठ्या जाळ्याचा दोर धरणार. लागोपाठ दोन वर्षं ज्या घराचा हात दोराला लागत नाही ते घर वहीतून निघतं. मागच्या वर्षी बाबांचं खुब्याचं हाड नुकतंच बसवलेलं होतं, आपलं नाव वाचलं आणि कुणी बोललं नाही. यंदा दुसरं वर्ष आहे.

बाबा एकोणीस वर्षांचे असल्यापासून त्या नावाला "हाव" म्हणत आले. आता काठीच्या आधाराने तलावाच्या बांधापर्यंत, पारीवरच्या त्यांच्या दगडापर्यंत जातात, संध्याकाळी तिथे बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या जाळ्याला नावं ठेवतात. वहीतून घर गेलं तर त्या दगडावर ते कुठल्या नात्याने बसणार, हा प्रश्न मी त्यांना विचारलेला नाही. स्वतःला मात्र रोज विचारते.

मावसभाऊ लच्छू चंद्रपूरहून यायला तयार आहे. नथ्थूभाऊ म्हणाले, भाचा चालेल, पण पोरगा असला तर बरं. बाबाही लच्छूला हो म्हणालेत. तरी तू यावंस असं मला वाटतं, आणि त्यांना तर वाटतंच.

मी वेळ काढून पाहिली आहे. जगदलपूरहून संध्याकाळची बस, रायपूरला सात तास. तिथून गाडीने गोंदिया तीन तास. गोंदियाला थांबणं. मग नागभीडपर्यंत तीन तास आणि घरापर्यंत अर्धा. सगळं मिळून सतरा तास. रजा आत्ताच माग.

डायरीच्या सवयीने खाली उद्याचं एक काम लिहिते. तू हसशील, हस.

तुझी बाई,
गिरजा

उद्या: बाबांच्या काठीचं रबर बदलणे.

* * *

जगदलपूर
२४ मार्च

बाईस नमस्कार.

तुहं पत्र भेटलं. काठीचं रबर बदललं का? आचल म्हणाली, आत्या पत्रातही गृहपाठ देते.

बाई, रागावू नको, पण तू अजून रेल्वेच्या टाइमटेबलात जगून राह्यली. आचलने काल मोबाइलवर एक साइट काढली. दोन विमानतळाची नावं टाकायची, लगेच अंतर सांगते. जगदलपूर ते चंद्रपूर, तीनशे तेरा किलोमीटर. वेळ बावन्न मिनिटं, चढणं-उतरणं धरून. तिच्या शाळेजवळच्या दुकानातून पान छापून आणलं, सोबत पाठवतो. त्यावर विमानाचं चित्रही आहे.

सतरा तास कुठी आणि बावन्न मिनिटं कुठी! रविवारी दुपारी निघालो तं चहाच्या टायमाले चंद्रपुरात. सोमवारी दोर ओढतो, मंगळवारी परत कामावर. सध्या इथी चिंचेचा सीझन आहे. गावागावातून माल येऊन राह्यला, कोल्ड स्टोरेजच्या दारात गाड्यांची रांग आहे, आणि कोणता माल कोणत्या खोलीत हे माझ्याशिवाय कोणाले माहीत नाही. म्हणून तं इतके वर्षं येणं झालं नाही. पण बावन्न मिनिटाचं मालकाले सांगता येते.

बाबाले हे पान दाखवजो. खुश होतीन.

तुझा देवानंद

* * *

पिंपळटोली
२ एप्रिल

चि. देवानंद,

तुझं पान मिळालं. विमानाचं चित्र सुरेख आहे. फक्त विमान नाही.

मला शांतपणे लिहायचं आहे, म्हणून क्रमाने लिहिते. पान वाचल्यावर दुसऱ्या दिवशी मी लच्छूला फोन केला. तो बिचारा त्याची ऑटो घेऊन चंद्रपूरच्या धावपट्टीपर्यंत जाऊन आला. फाटकावरच्या माणसाने त्याला विचारलं, "कोण येऊन राह्यलं?" लच्छू म्हणाला, "माहा मावसभाऊ." तो माणूस म्हणाला, "मंत्री हाय का?" कधीमधी साहेब लोकांचं विमान उतरतं, तिकीट काढून बसायचं विमान तिथे येत नाही. जगदलपूरहून तर नाहीच.

मग मी ड्युटीवर गेल्यावर कॉलेजच्या ग्रंथालयातल्या माझ्या संगणकावर तीच साइट उघडली. चंद्रपूर ते टोकियोचाही वेळ त्यांनी दिला आहे. मी आणखी चार-पाच नावं टाकली, प्रत्येकाला उत्तर आलं. देवानंद, ते यंत्र नकाशावर दोन ठिपक्यांत रेघ ओढतं आणि रेघेला वेगाने भागतं. मधे विमान आहे का, हे त्याला कुणी विचारलेलं नाही. तूही विचारलं नाहीस. आणि असतं जरी विमान, तरी चंद्रपूरहून इथवर बसने अडीच तास लागतात, ते तुझ्या बावन्न मिनिटांत कुठे बसवायचे?

तू आठवीत गणितात माझ्यापेक्षा हुशार होतास. हे खोडणार होते, राहू दे.

रेल्वेचं तिकीट काढ. लगेच काढ, उन्हाळ्यात जागा मिळत नाही. बाबांना मी योग्य ते सांगीन.

गिरजा

उद्या: लच्छूला पेट्रोलचं विचारणे.

* * *

जगदलपूर
१५ एप्रिल

बाई,

योग्य ते काय सांगितलं बाबाले?

मागच्या हप्त्यात शेजारच्या कलाबाईच्या फोनवरून बाबाचा फोन आला. तू ड्युटीवर होती. मी गोदामात, हमाल बोंबलून राह्यले, आणि बाबा म्हणते, "बावन्न मिनिटं म्हंते ना रे कागदात? मंग रविवारी जेवाले येजो. मरळ ठेवाले सांगतो." मी म्हटलं, बाबा, सुट्टी नाई. तं म्हणते, "सुट्टी काहाले लागते? दुपारच्या जेवनाच्या सुट्टीत येऊन जाय."

तेव्हापासून चार फोन आले. कालच्या फोनवर जेवाचं नाही काढलं. नुसतं विचारलं, "आमच्यावर राग हाय का तुहा?"

बाई, मी बारा वर्षं इथी आहे. बारा वर्षात बाबाने मले हे कधी विचारलं नव्हतं. सतरा तास होते तोवर मी दूर होतो, बस. आता मी बावन्न मिनिटावर राहून येत नाही, असा नालायक झालो. तूच लिहिलं होतं ना, विमान नाही म्हणून? मंग त्याले काऊन नाही सांगितलं?

तिकीट पाहतो. वेटिंग दाखवून राह्यलं.

देवानंद

* * *

पिंपळटोली
२१ एप्रिल

चि. देवानंद,

तुझं पत्र दोन दिवस पर्समध्ये घेऊन हिंडले. उत्तर द्यायला उशीर केला, कारण उत्तरात माझीच चूक आहे आणि ती नीट लिहिता येत नव्हती.

तुझं पान ज्या दिवशी आलं, त्याच संध्याकाळी मी ते बाबांना वाचून दाखवलं. लच्छूला फोन करण्याच्या आधी. ते दोन दिवस नीट जेवले नव्हते, भाताचं ताट बाजूला सारत होते. मी म्हटलं, देवानंदचं पत्र आलं, आणि ते पान वाचलं. तीनशे तेरा किलोमीटर, बावन्न मिनिटं. त्यांनी परत वाचायला लावलं. मग जेवले. दुसऱ्या दिवशी विमान नाही हे कळलं, तेव्हा सांगायला हवं होतं. मी स्वतःला म्हणाले, मी खोटं काही बोलले नाही, जे छापलं होतं तेच वाचलं. पुढचं तेवढं सांगायचं राहिलं. डायरीत त्या दिवशी मी "बाबा दोन पोळ्या जेवले" एवढंच लिहिलं आहे. आता पाहते तर ती नोंद खरी असूनही फसवी आहे. तुला २ तारखेला जे सुनावलं, ते निम्मं मला स्वतःला सुनवायचं होतं.

पुढचं त्याहून वाईट आहे. ते पान त्यांनी बंडीच्या खिशात ठेवलं आहे. पारीवर बसून येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात. डोमाभाऊंनी तर विचारलं, "मंग जावयासारखा काऊन लाजते तुहा पोरगा?" आणि मागच्या आठवड्यात लच्छू नाव द्यायला मुद्दाम आला, तर बाबा नथ्थूभाऊंसमोर म्हणाले, "लच्छूले काहाले तरास? माहा पोरगा बावन्न मिनिटावर हाय." लच्छू चहा न पिता परत गेला. ज्याने माझ्या सांगण्यावरून फाटकापर्यंत जाऊन विमान नसल्याची खात्री केली, त्याच्यासमोर मी गप्प उभी राहिले. आता तो फोन उचलत नाही.

नंतर मी बाबांना तीन वेळा सांगितलं की विमान नाही. ते म्हणतात, "कागदावर लिहून हाय." मी म्हटलं, कागद चुकतो. तर म्हणाले, "तू दिवसभर कागदातच बसतं ना? मंग थेही चुकतेत का?" 

म्हणजे आता लच्छूही नाही आणि विमानही नाही. तू ये. बारा वर्षांचा हिशोब मी मागत नाही, एक दिवस मागते. वेटिंग असलं तर बसने रायपूर, मग जनरलच्या डब्यात उभा राहून ये.

गिरजा

उद्या: लच्छूला पत्र लिहिणे. फोन नको.

* * *

जगदलपूर
११ मे

बाईस नमस्कार.

स्पीड पोस्टने पाठवतो, वेळेवर भेटलं पाहिजे.

मालकाने नाही म्हटलं. मी दोनदा विचारलं. म्हणाला, जायचं तं जा, पण परत येशीन तेव्हा चाव्या दुसऱ्याकडे असतीन. आचल दहावीत जाऊन राह्यली. मी काय करू तूच सांग. तिकीट वेटिंगच राहिलं, तेही खरं आहे, पण कन्फर्म झालं असतं तरी आलो नसतो. तुले खोटं लिहीत नाही.

लच्छूले मी फोन केला, माफी मागितली. तो १९ ले लग्नाचं भाडं घेऊन बसला आहे.

बाबासाठी एक काम कर. त्याले सांगजो, विमान रद्द झालं. खराब हवामान म्हणून. असं होत राह्यते, पेपरातही येते. विमानावर दोष गेला तं माहा दोष जाते. तुले एवढं तं करता येईन.

तुझा देवानंद

* * *

पिंपळटोली
२० मे

चि. देवानंद,

अक्षराला हसू नकोस. उजवा तळहात सोलला आहे आणि पेन दोन बोटांत धरून लिहिते आहे.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. वाचून मला इतका संताप आला की मी ते ग्रंथालयाच्या टेबलावर उपडं ठेवलं आणि वर शब्दकोश ठेवला. जे विमान कधी नव्हतं ते रद्द करायला तू मला सांगतोस. आणि वाईट म्हणजे, घरी येईपर्यंत माझं तसं सांगायचं ठरलंही होतं. बसमध्ये वाक्य जुळवत आले. बाबांसमोर बसले, "विमान" एवढं म्हणाले, आणि त्यांनी मान वर करून आभाळाकडे पाहिलं. पुढचं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. हा माझा प्रामाणिकपणा होता की नुसती घाबरगुंडी, ठाऊक नाही. म्हटलं, विमानाचं मग सांगते.

रविवारी ऊन उतरल्यावर त्यांना पारीवर घेऊन गेले. पाणी खूप खाली गेलं आहे. पलीकडच्या घाटावर दुसऱ्या दिवसासाठी जाळं पसरून ठेवलं होतं. मी त्यांना विचारलं, तो घाट इथून किती लांब. 

"हाक मारली का आयकू येते," ते म्हणाले.

"आन जायचं म्हटलं तं?"

"डोंगा असला तं दहा मिनिटं. नसला तं पारीनं फिरून जाय. अर्धा-पाऊण घंटा. माह्या पायानं तं होतच नाई."

"बाबा, कागदावरचे बावन्न मिनिटं हे पाण्यावरून आहेत. जगदलपूर आन चंद्रपूरच्या मधात डोंगा नाई. देवानंदले पारीनं फिरून यावं लागते."

 त्यांनी बंडीतून ते पान काढलं. घड्यांवर फाटलं आहे. 

"डोंगा नाई?"

"नाई."

"मंग फिरून किती?"

"सतरा घंटे."

"सतरा," ते म्हणाले, आणि देवानंद, त्यांचा चेहरा सैल झाला. "म्हंजे थो दूरच हाय. मंग कसा येईन बिचारा? आधीच सांगाचं ना, डोंगा नाई म्हणून."

मी सांगितलं होतं. तीन वेळा सांगितलं होतं. पण ते राहू दे. तुला मी सतरा तासांचा हिशोब मार्चमध्ये लिहिला तेव्हा तुला दोष द्यायला लिहिला होता. बाबांना तोच आकडा हवा होता. तू रागाने येत नाहीस असं नाही, तू दूर आहेस, एवढं कळायला. महिना-दीड महिना मी त्यांना तू जवळ असल्याचं सुख देत होते आणि त्याने त्यांना पोखरलं. हे मी डायरीतही लिहिलं आहे, पूर्ण लिहिलं आहे.

तुझी नोकरी सोडून ये, असं मी म्हणणार नाही. पण मला पुन्हा असलं काम सांगू नकोस. बाबांना काय सांगायचं ते तूच सांग, खरं सांग. त्यांना झेपतं.

आता सोमवारचं. सकाळी सहाला सगळे घाटावर होते. दरवर्षीप्रमाणे मी टोपल्यांपाशी बायकांत उभी होते. बाबांना डोंग्यातून आणून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं. नथ्थूभाऊ वही वाचू लागले. एकेक "हाव" येत होता. बाबांचं नाव आलं, "इस्तारी", आणि ते थांबले. सगळे बाबांकडे पाहू लागले, आणि डोमाभाऊंनी, मला वाटतं सवयीनेच, आभाळाकडे पाहिलं. दोघे-तिघे हसले.

बाबा म्हणाले, "माहा पोरगा दूर हाय. येनं होत नाई त्याचं."

नथ्थूभाऊंनी पेन उचललं. तुला सांगते, ते वाईट माणूस नाहीत, त्यांनी आधी चष्मा पुसत वेळ काढला. मी काही ठरवून केलं नाही. मी म्हणाले, "भाऊ, नियम काय लिहिला आहे तो वाचा." मला एवढंच हवं होतं की खोडायच्या आधी वाचावं. लिहिलेलं न वाचता कुणी काही केलं की मला राहवत नाही, हे तुला माहीत आहे. त्यांनी वहीचं पहिलं पान काढून वाचलं. "घरचे एक माणूस दोरास लागावे." बस, एवढंच. पोरगा असं कुठेही नाही.

डोमाभाऊ म्हणाले, "माणूस म्हंजे माणूसच ना? पोट्टी जाळं वढते का कुठी?"

तेव्हा बाबा बोलले. मोठ्याने नाही. "घरी कोन हाय मंग? मले रोज भात कोन वाढते? थेच हाय घरी. दुसरं कोन हाय?"

मी सेहेचाळीस वर्षांची आहे, लग्न केलं नाही, या घरातून कुठे गेले नाही. मार्चपासून बसच्या, रेल्वेच्या, विमानाच्या वेळा मोजत होते. आपण दोरापासून दहा पावलांवर उभ्या आहोत हे मला एकदाही सुचलं नाही. बाबांनाही नाही, तुलाही नाही. मला याचा राग यायला हवा, आणि आला आहे, पण तो नेमका कुणावर हे अजून लिहून पाहिलेलं नाही.

नथ्थूभाऊंनी परत वाचलं, "इस्तारी." मी "हाव" म्हणाले. आवाज चिरकला. टोपलीपाशी नीलाबाई म्हणाली, "साडी खोच बाई आधी."

दोर ओला आणि जड असतो हे मला ठाऊक होतं, पण तो असा मागे ओढतो हे ठाऊक नव्हतं. चिखलात पाय पोटरीपर्यंत जातात. माझ्यापुढे डोमाभाऊ होते. म्हणाले, "बाई, हे तुह्यावाल्या लायब्ररीतलं पुस्तक नोहय." मी म्हटलं, "तुमच्या पोरीनं नेलेली दोन पुस्तकं आधी परत करा, मग बोला." चढावर त्यांनी माझ्या वाट्याचाही जोर लावला, हे मी पाहिलं.

मासा बरा निघाला. आपल्या घराचा वाटा बाबांच्या पायाशी टाकला. त्यांनी रोहू उलटून पाहिला आणि म्हणाले, "जाळं उजवीकडून ढिलं होतं. तिकडं कोन होतं?" मीच होते.

चिंचेचा सीझन आटोपला की ये. सतरा तासांच्या वाटेने ये, आचललाही आण. येताना ते पान मागू नकोस, बाबांनी ते चुलीत घातलं. तुझा फोन आला तर त्यांना आधी तू दूर असल्याचं सांग, मग बाकीचं.

एक गोष्ट राहिली. ओढ झाल्यावर नथ्थूभाऊंनी वही माझ्यापुढे धरली, अंगठा की सही म्हणून. मी सही केली आणि मग पाहिलं. आपल्या घरापुढे त्यांनी लिहिलं आहे, "इस्तारी, हजर, पोरगी." बाकी सगळ्या घरांपुढे दोर धरणाऱ्याचं नाव आहे. तेव्हा घाटावर मी वही तशीच परत दिली. बाबांना उन्हातून घरी न्यायचं होतं.

तुझी बाई,
गिरजा

उद्या: नथ्थूभाऊंकडे जाऊन वहीत "पोरगी" खोडून माझं नाव लिहून घेणे.